पितृपक्षात अडलेलं पाकीट

दुसऱ्याचं भलं करायला गेलात आणि त्याचं वाटोळं करून परत आलात, असं तुमच्या हातून किती वेळा झालंय? मान हलवायची घाई करू नका. ठरवून वाईट करणाऱ्यांबद्दल हा प्रश्न नाही. त्यांच्याशी भांडायला रस्ता आहे, धरणं आहे, वकील आहे. प्रश्न आहे तो प्रेमापोटी, आपलेपणानं, समोरच्याला न विचारता केलेल्या भल्याचा. असं भलं करणाऱ्याला कुणी पकडत नाही, आणि आपण काही केलंय असं त्यालाही वाटत नाही. विलास डबीरांना वाटलं. उशिरा वाटलं, पण वाटलं.

विलास डबीर उज्जैनच्या एका सरकारी कॉलेजात आवक-जावक बाबू. बाहेरून येणारा कागद आवक, बाहेर जाणारा कागद जावक. कॉलेजचं प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावरून जायचं, त्यावर नंबर पडायचा, तारीख पडायची, आणि त्यानंतरच ते पत्र या जगात आहे असं सरकार मानायचं. सत्त्याण्णव साली त्या टेबलाशी त्यांना बावीस वर्षं झाली होती. माधव नगरात दोन खोल्यांचं घर, बायको सुलभा प्राथमिक शाळेत शिक्षिका, मूलबाळ नाही. डबीर घराणं शिंद्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. दरबाराची पत्रं लिहिणं, धाडणं, आलेली वाचून दाखवणं हे घराण्याचं काम. दरबार गेला, दफ्तर गेलं, विलासरावांच्या वाट्याला एक लोखंडी टेबल आणि तेवढी अकड उरली.

"सात पिढ्या कागद हलवतोय आम्ही," ते म्हणायचे. "एक कागद गहाळ नाही."

शेजारच्या टेबलावर आस्थापनेचा बाबू शैलेंद्र बसायचा. तो मान वर न करता म्हणायचा, "हो यार डबीर, आणि सात पिढ्यांत कागदानं तुला एक प्रमोशन नाही दिलं."

हसणं व्हायचं. पण विलासराव हा माणूस नुसता बाबू नव्हता. कर्मचारी संघाचा सचिव होता. एका चपराशाच्या विधवेची पेन्शन भोपाळला चार वर्षं अडकली, तेव्हा हा माणूस जूनच्या उन्हात आठ दिवस ट्रेझरीच्या दारात बसला आणि कागद घेऊनच उठला. प्राचार्यांच्या तोंडावर नियमाचं पुस्तक उघडून वाचायचा. "साहब, आप साहब हैं, नियम साहब का भी साहब है," हे त्याचं वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं. नवा आलेला प्राध्यापक सही चुकीच्या जागी करायचा, तर त्याला वर्गातल्या पोरासारखं उभं करून शिकवायचा. संतापी, हट्टी, पण हात स्वच्छ. चहासुद्धा दुसऱ्याच्या पैशानं पीत नसे.

निहारिका सोहोनी त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची, अ‍ॅडहॉक. म्हणजे दरवर्षी जुलैत नेमणूक, एप्रिलात छुट्टी, मधल्या दोन महिन्यांत माणूस काय खातो ते सरकारनं कधी विचारलेलं नाही. वडील रेल्वेत गार्ड होते, नाशिककडून बदलीनं आले आणि नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत घर बांधून इथलेच झाले. निहारिका याच कॉलेजात शिकली. बी.एस्सी.ला असताना तिचा परीक्षेचा फॉर्म कुणीतरी हरवला, तेव्हा विलासरावांनी विद्यापीठात जाऊन टेबल ठोकलं होतं. तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची आणि राखीपौर्णिमेच्या आसपास सुलभाकाकूंकडे जेवून जायची.

कॉलेजात एकच कॉम्प्युटर होता. कसल्याशा ग्रांटमधून आलेला, वर मखमली कापड, खोलीला एसी, दाराबाहेर चपलांची रांग. आत जायचं तर बूट काढूनच, देवघरासारखं. बाकीचे प्राध्यापक तिथे एसीत डबा खायला यायचे. निहारिका काम करायची. तिनं पीएच.डी. इंदूरहून केली होती, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मेंदूतली एक पेशी. त्या पेशीला एकदा ठिणगी बसली की पुढची ठिणगी येईपर्यंत आधीची तिला किती वेळ आठवते, हे गणितानं मांडायचं आणि कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. तिचा प्रोग्रॅम एकदा सुरू केला की अकरा तास चालायचा. नवव्या तासाला लाइट जायची.

"गेली?" विलासराव दारातून विचारायचे.

"गेली काका. पेशी विसरली सगळं."

"मग तुझं उत्तर आलं की. विसरते."

ती हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची. चार वर्षं.

त्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या एका परिसंवादातून ती एक छापील पत्रक घेऊन आली. जर्मनीतल्या एका छोट्या शहरात असं केंद्र होतं, जिथे गणितवाले, फिजिक्सवाले आणि डॉक्टर एका छताखाली बसून मेंदू कॉम्प्युटरवर मांडायचा प्रयत्न करत होते. दरवर्षी आपल्यासारख्या देशांतून चार संशोधकांना ते सहा महिने पाहुणे म्हणून बोलवायचे. विमानाचं तिकीट त्यांचं, खोली त्यांची, महिन्याचा खर्च त्यांचा. अट अशी की उमेदवार बत्तीस वर्षांच्या आतला हवा, अर्ज संस्थेच्या प्रमुखाच्या शिफारशीसह संस्थेनंच पाठवायला हवा, आणि तो दहा ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या हातात पडायला हवा.

निहारिकाला फेब्रुवारीत बत्तीस वर्षं पूर्ण होणार होती. पुढच्या वर्षी हे दार तिच्यासाठी नव्हतंच.

"काका, तिथे एका माणसाला एक कॉम्प्युटर असतो. स्वतःचा."

"आणि लाइट?"

"जात नाही."

"बूट?"

"घालून आत जातात."

"छे," विलासराव म्हणाले. "मग विद्या कशी येणार?" आणि दोघं पोट धरून हसले.

प्राचार्यांच्या सहीला नऊ दिवस लागले. त्रिवेदी साहेबांना कळेना की फिजिक्सच्या बाईला मेंदूशी काय देणंघेणं. "आप फिजिक्स की हैं या डॉक्टरी की?" ते दर दोन दिवसांनी विचारायचे. शेवटी सही झाली. अठरा सप्टेंबरला, गुरुवारी दुपारी, निहारिकानं जाड खाकी पाकीट विलासरावांच्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं, जणू ते उडून जाईल.

"काका, आता तुमच्याकडे."

"माझ्याकडे आलं म्हणजे पोचलं," विलासराव म्हणाले.

आणि इथे ते झालं. आदल्या दिवशी पितृपक्ष लागला होता.

त्या ऑफिसात एक रिवाज होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण बावीस वर्षं चालत होता. श्राद्धाच्या पंधरा दिवसांत सरकारी टपाल जायचं, ते काही थांबत नसे. पण ज्यात कुणाचं काही शुभ असेल, घराच्या कर्जाचा अर्ज, मुलीच्या लग्नाच्या रजेचा कागद, बदलीची विनंती, ते लोक स्वतःच येऊन सांगायचे, "डबीरजी, नवरात्र में निकालना." विलासरावांनी त्यासाठी डावीकडचा वरचा खण मोकळा ठेवलेला होता. घटस्थापनेला तो खण रिकामा व्हायचा. मग कुणाचं कर्ज मंजूर व्हायचं, कुणाची बदली व्हायची, लोक पेढे आणायचे, आणि म्हणायचे, डबीरजींचा हात लागला. विलासराव स्वतः फार देवभोळे नव्हते. संघाच्या सभेत नवस-सायासांची चेष्टा करायचे. पण खण त्यांना आवडायचा. त्या खणापुरते ते बाबू नसत, घरातले मोठे असत.

निहारिकानं सांगितलं नव्हतं. निहारिकाला ठाऊकच नव्हतं. ती पाकीट ठेवून वर्गावर गेली, आणि विलासरावांनी पाकिटाकडे पाहिलं. पोरगी समुद्रापार चालली आहे. चार वर्षं लाइटशी झुंजली आहे. तिचं पाकीट तेरवीच्या पत्रिकांबरोबर एका पोत्यात टाकायचं? त्यांनी डावा खण उघडला.

शैलेंद्रनं पाहिलं. "यार, त्यावर तारीख आहे ना काहीतरी?"

"दहा ऑक्टोबर."

"मग?"

"मग काय? दहा म्हणजे पोस्टात टाकायची. आणि तारखेचं तू मला सांगतो का?"

शैलेंद्रनं पुन्हा आपल्या कागदात डोकं घातलं, कारण तारखेचं विलासरावांना कुणी सांगावं असं कॉलेजात कुणी नव्हतं. पण त्यांची तारीख ही आपल्याकडची तारीख. विद्यापीठाच्या फॉर्मची एक शेवटची तारीख असते, मग विलंब शुल्कासह शेवटची, मग विशेष विलंब शुल्कासह, मग कुलगुरूंच्या परवानगीनं. बावीस वर्षांत न हललेली तारीख त्यांनी पाहिली नव्हती. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, दहापर्यंत अर्ज हातात पडला पाहिजे. त्यांनी ते वाचलंही होतं. वाचूनही डोक्यात घेतलं नाही, कारण डोक्यात ते वाक्य ठेवायला जागाच नव्हती.

चोवीस तारखेला ते क्षिप्रेकाठच्या सिद्धवटावर वडिलांचं श्राद्ध करून अर्ध्या रजेवरून परत आले. डोकं अजून ओलं होतं. निहारिका टेबलाशी वाट बघत उभी.

"काका, निघालं ना ते?"

"निघालं समज."

"रजिस्टर्ड?"

"अगं बेटा, मी काय कच्चा आहे का? जा, शिकव जा पोरांना."

हे त्यांचं पहिलं खोटं. त्यांना ते खोटं वाटलं नाही. लग्नघरात आई मुलीला सांगते ना, सगळं झालंय, तू बस, तसं काहीसं वाटलं.

घटस्थापना त्या वर्षी नेमकी दोन ऑक्टोबरला आली. गांधी जयंती. पोस्ट बंद, कॉलेज बंद. तीन तारखेला, शुक्रवारी सकाळी, विलासराव नवा सदरा घालून स्वतः पोस्टात गेले. एरवी टपाल चपराशी न्यायचा. रजिस्ट्रीच्या खिडकीवरच्या माणसाला म्हणाले, "जर्मनी. अपनी बच्ची का है. ठप्पा साफ मारना." त्यानं साफ मारला. तीन, दहा, सत्त्याण्णव, इतका स्वच्छ की चष्म्याशिवाय वाचता यावा. पावती खिशात घालून ते फ्रीगंजाच्या बाजारातून पायी घरी आले, आणि सुलभाबाईंना म्हणाले, "पोरीचं काम मार्गी लागलं."

नोव्हेंबरच्या बारा तारखेला उत्तर आलं. प्राचार्यांच्या नावानं होतं, म्हणून नियमानं विलासरावांनीच उघडलं. त्यांचं इंग्रजी ऑफिसपुरतं, पण पुरेसं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

निहारिका सोहोनी यांचा अर्ज एकवीस ऑक्टोबरला मिळाला, मुदतीनंतर अकरा दिवसांनी; पाकिटावर टपालाचा ठप्पा तीन ऑक्टोबरचा आहे. नियमाप्रमाणे तो बाजूला ठेवायला हवा होता. पण समितीतल्या दोघांनी काम वाचलं आहे आणि त्यांना ते फार चांगलं वाटतं. उमेदवारानं अर्ज संस्थेत वेळेवर दिला असेल आणि उशीर संस्थेच्या कार्यालयात झाला असेल, तर तसं संस्थेनं लेखी, सही-शिक्क्यानिशी कळवावं. फॅक्स चालेल. पंचवीस नोव्हेंबरपर्यंत एक जागा राखून ठेवत आहोत.

इतकं सभ्य पत्र विलासरावांच्या टेबलावर बावीस वर्षांत आलं नव्हतं. ओरडून लिहिलं असतं तर ते भांडले असते. हे पत्र भांडत नव्हतं. नुसतं विचारत होतं, उशीर कुठे झाला?

त्यांनी ते पत्र आवक रजिस्टरात चढवलं नाही. डब्याच्या पिशवीत, डब्याखाली ठेवलं. सात पिढ्यांत पहिला कागद गहाळ झाला.

पुढचे अकरा दिवस या माणसानं काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. जावक रजिस्टर काढून अठरा सप्टेंबरचं पान उघडून बसला. ओळीवर ओळ, नंबराला नंबर चिकटलेला, त्याच्याच सुबक अक्षरात. कुठे एक नोंद घुसवायला जागा नाही. स्वतःच्या शिस्तीवर त्याला पहिल्यांदा राग आला. शैलेंद्रनं दोनदा वाकून पाहिलं.

"काय शोधतोय?"

"तुझं प्रमोशन."

मग त्यानं मसुदे लिहिले. 'अपरिहार्य कारणांमुळे.' फाडलं. 'कार्यालयीन व्यस्ततेमुळे.' फाडलं. 'स्थानिक सणामुळे.' यावर बराच वेळ थांबला, आणि तेही फाडलं. त्या गोऱ्या लोकांना लिहायचं काय? की आमच्या पोरीच्या कामाला आम्ही आमच्या मेलेल्यांसाठी पंधरा दिवस थांबवलं? आणि तिला विचारलं नाही? पहिला भाग लिहायला लाज वाटत होती. दुसरा भाग मनातसुद्धा म्हणवत नव्हता.

निहारिका रोज यायची. पाऊल न वाजवता यायची, कारण विचारताना तिला संकोच वाटायचा.

"काका, जर्मनीचं काही?"

"नाही बेटा."

"काही येईलच ना? नाही म्हणून तरी कळवतात."

"कळवतील."

एकदा ती म्हणाली, "बहुतेक काम आवडलं नसेल. मला वाटतच होतं, माझं गणित तिसऱ्या भागात कमजोर आहे." विलासराव टेबलावरची टाचणी उचलून खाली ठेवत राहिले. समितीतल्या दोघांना फार चांगलं वाटतं, हे शब्द त्यांच्या पायाशी, डब्याच्या पिशवीत होते. तिथून उचलून तिच्या हातात द्यायला एक क्षण लागला असता. तो क्षण रोज आला आणि रोज गेला.

तेवीसला रविवार होता. सुलभाबाईंनी पिशवी धुवायला काढली आणि पत्र हाती आलं. त्या शिक्षिका, इंग्रजी वाचता यायचं. वाचून त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अहो, हे काय आहे?"

"ऑफिसचं आहे. ठेव."

"यात निहारिकाचं नाव आहे. पंचवीस तारीख आहे. आज तेवीस."

"मला तारीख दिसते!" विलासराव उठून ओरडले. "मला नको शिकवू! तिच्या भल्यासाठीच केलं मी, काय वैरी आहे का तिचा?"

सुलभाबाई ओरडल्या नाहीत. "वैरी असता तर तिनं रोज येऊन विचारलं नसतं," त्या म्हणाल्या. "तिनं इतर कुणाला तरी गाठलं असतं. तुम्ही आपले म्हणून ती बसून राहिली." आणि पत्र त्यांच्या समोर ठेवून आत गेल्या. 

चोवीस तारखेला, सोमवारी, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, चपलांच्या रांगेशी उभं राहून विलासरावांनी निहारिकाला पत्र दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. 'फार चांगलं' या शब्दांवर तिचा चेहरा उजळलेला त्यांनी पाहिला, आणि पुढच्या ओळीवर विझलेलाही.

"तीन ऑक्टोबर कसं? अठराला दिलं होतं मी."

"श्राद्धपक्ष होता बेटा. मला वाटलं, चांगल्या दिवशी..."

"तुम्ही म्हणाला होता, निघालं."

"म्हणालो होतो."

"आणि हे पत्र कधी आलं?"

"बाराला."

ती हसली. मोठ्यानं नाही, नाकातून एक श्वास सुटला इतकंच. रडली असती तर विलासरावांनी डोक्यावर हात ठेवला असता. शिव्या दिल्या असत्या तर मान खाली घातली असती. हसण्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"चला साहेबांकडे," ती म्हणाली. "अजून उद्याचा दिवस आहे."

त्रिवेदी साहेबांनी सगळं ऐकलं, पत्र वाचलं, खुर्ची मागे सरकवली.

"यानी मैं लिखकर दूँ कि हमारे यहाँ पितरों के नाम पर चिट्ठी रोकी जाती है? विदेश में? डबीरजी, आपका दिमाग ठिकाने है?"

"पितरों का मत लिखिए साहब. बस इतना कि देरी ऑफिस की है."

"लिख दीजिए, डाक में देर हो गई."

"रसीद पे तीन अक्टूबर है साहब. लिफाफे पे भी. वो लोग देख चुके हैं."

"तो फिर संस्था कुछ नहीं कर सकती. बदनामी की बात है." मग त्यांनी आवाज खाली आणला. "और सुनिए. किसी निजी कागज पर कॉलेज की सील नहीं लगेगी. लगी, तो विभागीय जाँच बैठेगी. आपके रिटायरमेंट में दिन कितने हैं, सोच लीजिए."

बाहेर येऊन विलासरावांनी टाइपरायटर पुढे ओढला. या वेळी मसुदा फाडावा लागला नाही. चार ओळी: अर्ज अठरा सप्टेंबरला मला मिळाला. उमेदवाराची काही चूक नाही. पाकीट मी माझ्या मर्जीनं तीन ऑक्टोबरपर्यंत थांबवलं. बारा नोव्हेंबरला आलेलं आपलं पत्रही मीच दाबून ठेवलं होतं. विलास डबीर, आवक-जावक लिपिक. सही केली. त्या क्षणी त्यांना जरा हलकंही वाटलं, आणि ते हलकं वाटणंच पुढे नडलं. त्यांना वाटलं, झालं.

निहारिका कागद वाचून म्हणाली, "काका, शिक्का."

गोल शिक्का टेबलावरच होता. लाकडी मुठीचा, शेजारी निळ्या शाईची गादी. बावीस वर्षं तो दिवसातून पन्नास वेळा उचलला जायचा.

"साहेब नाही म्हणाले."

"तुम्ही दर आठवड्याला त्यांना नाही म्हणता."

शैलेंद्र कागदात डोकं घालून बसला होता, पण त्याचं पेन थांबलं होतं. विलासरावांनी शिक्क्याकडे पाहिलं. चपराशाच्या विधवेसाठी आठ दिवस उन्हात बसलेला माणूस. नियमाला साहेबाचा साहेब म्हणणारा माणूस. विभागीय चौकशी, निलंबन, अडकलेली पेन्शन, आणि मग कुणीतरी दुसरा आपल्यासाठी ट्रेझरीच्या दारात बसलेला, हे सगळं त्यांना एका झटक्यात दिसलं. त्यांनी शिक्का उचलला नाही. पेनचं टोपण लावलं आणि खिशात अडकवलं.

"सही आहे ना माझी," ते म्हणाले. "सहीला मान असतो."

निहारिकानं कागद घेतला आणि फ्रीगंजातल्या एसटीडी-पीसीओवर गेली. विलासराव मागून लुनावर गेले. दुकानदारानं नंबर लावला, दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला, आणि मशीन कागद हळूहळू आत ओढायला लागलं. तिथे उभं राहून कागदाची खालची कोरी बाजू आत जाताना त्यांना दिसली. शिक्का जिथे असायला हवा, तिथे कागद पांढरा होता.

चार दिवसांनी त्याच दुकानात उत्तर आलं. लिपिकाच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण समितीला संस्थेचं अधिकृत निवेदन लागतं, शिक्क्याशिवायचा कागद धरता येत नाही. जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे. निहारिका सोहोनी यांना पुढच्या कामासाठी शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी निहारिका एक रजेचा अर्ज घेऊन टेबलाशी आली.

"डबीरसाहेब, हा आवकमध्ये घ्या."

विलासरावांनी मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता. इतर सगळे जसं बोलतात तसंच ती बोलत होती, आणि नंबर पडेपर्यंत समोरून हलली नाही. त्यानंतर तिनं त्यांच्याकडे कधी कागद ठेवून दिला नाही. नंबर बघायची, तारीख बघायची, मग जायची.

निहारिकाचं आयुष्य बरबाद झालं असं कुणी म्हणू नये. तिचा तो अपमान होईल. नव्याण्णवच्या जुलैत कॉलेजनं तिला पुन्हा बोलावलं नाही, तेव्हा ती फ्रीगंजातल्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली. तिथे एका मुलाला एक कॉम्प्युटर असतो, जनरेटर आहे, लाइट गेली तर कळतही नाही. पोरं टॅली शिकतात, टायपिंग शिकतात, आणि म्हणतात मॅडमसारखं समजावून कुणी सांगत नाही. मेंदूची ती पेशी एका फ्लॉपीत आहे. कुठल्या, ते ती सांगत नाही.

आणि विलास डबीर? त्याच टेबलाशी आहेत. डावा खण आता बंद असतो. पितृपक्षात कुणी "नवरात्र में निकालना" म्हणालं, तर ते ओरडतात आणि पाकीट त्याच दिवशी पोस्टात धाडतात. संघाच्या सभेत ते स्वतःची गोष्ट उभं राहून सांगतात, की असं असं झालं, श्रद्धेच्या नावाखाली मी एका मुलीची संधी घालवली. सांगताना आवाज भरून येतो, खरंच येतो, त्यात नाटक नाही. ऐकणारे हळहळतात. कुणी म्हणतं, "डबीरजी, आपकी नीयत साफ थी." कुणी म्हणतं, "उसके भाग्य में नहीं था." कुणी चहा मागवतं. आणि विलासराव मान हलवून खाली बसतात.

शिक्क्याचं ते कुणाला सांगत नाहीत. चार वर्षांत एकदाही नाही. पाकीट अडवल्याची लाज ते चार माणसांत मांडू शकतात, कारण तिच्यावर माफी मिळते. शिक्क्याचं शैलेंद्रला माहीत आहे, निहारिकाला माहीत आहे, आणि ते दोघं त्याबद्दल कुणापाशी बोलत नाहीत. म्हणून रोज सकाळी कॉलेजला पोचल्यावर विलासराव आधी शैलेंद्रच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि तो "राम राम यार" म्हणाला की मगच खुर्ची ओढतात.

तुमचं उज्जैनला येणं झालं, ते भेटले, आणि ते श्राद्धाची गोष्ट सांगायला लागले, तर एवढं करा. त्यांची समजूत घालू नका. नीयत साफ होती म्हणू नका, नशीब म्हणू नका, चहा मागवू नका. गोष्ट संपली की शांतपणे एकच विचारा: डबीरबाबू, शिक्का टेबलावर होता, मग उचलला का नाही? आणि ते उत्तर देईपर्यंत कृपा करून तिथून उठू नका.